पाटी वाच बघू!

मागच्या महिन्यात एका वीकएंडला लॅपटॉप पुण्यातच ठेवून घोडेगावला घरी गेले. संध्याकाळी पाचवीतल्या भाचीला घेऊन स्टँडजवळ भेळ खायला. समोरून एसटी येत होती. 'वाच बघू, कुठली गाडी?' मी सहज विचारलं. मॅडमनी डोळे बारीक केले, मान तिरकी केली आणि गाडी पुढ्यात आल्यावर म्हणाल्या, 'भीमाशंकर!'

'वर्गात फळा दिसतो का गं?'

'मैत्रिणीच्या वहीतून उतरवते की, आत्या.'

झालं! भेळ तिथंच बेचव. कारण दिवाळीला तिला टॅब पाठवणारी 'कूल आत्या' मीच.

घरी सांगितलं, तर आईचा एकच धोशा, 'एवढ्यात चष्मा नको. एकदा लागला की नंबर वाढतच जातो. त्यात पोरीची जात.' दादा म्हणाला, 'गाजरं खाऊ घालू.' वहिनी गप्प.

सोमवारची रजा टाकली आणि तिला घेऊन नारायणगाव गाठलं. आमच्या जुन्नर-आंबेगावात डोळे म्हटलं की नारायणगावच आठवतं. डॉ. मनोहर डोळे (आडनावही काय!) यांनी उभं केलेलं मोहन ठुसे नेत्र रुग्णालय तिथलंच. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

डॉक्टरांनी थेंब टाकून तपासलं. दोन्ही डोळ्यांना मायनस दीड. मग माझी शिकवणी झाली. मायनस नंबरात डोळ्याचा गोळा जरा लांबट वाढतो, त्यामुळे लांबच्या वस्तूची प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते. चष्म्याची काच ती पडद्यावर नेऊन ठेवते, बस्स. नंबर वाढतो तो डोळा वाढतो म्हणून, चष्म्यामुळे नाही. मुद्दाम कमी नंबरचा चष्मा दिला की वाढ थांबते, हाही गैरसमजच. पण नंबर फार वाढला तर पुढे पडदा सरकण्याचा धोका असतो, म्हणून लहानपणीच लक्ष द्यायचं. गाजर बिचारं पौष्टिक, पण गोळा आखूड करत नाही!

मग फंडा काय? रोज निदान दोन तास दिवसाउजेडी उघड्यावर खेळणं. पुस्तक नाकाला चिकटवायचं नाही. २० मिनिटं वाचलं की २० सेकंद २० फुटांपलीकडे बघायचं. नंबर नियमित तपासायचा. तो भराभर वाढलाच, तर अॅट्रोपिनचे सौम्य थेंब किंवा खास काचा असे उपाय आहेत, पण डॉक्टरांनी सांगितले तरच.

तुम्ही म्हणाल, गावाकडच्या पोरांना उन्हाची काय कमी? मलाही तसंच वाटायचं. पण शाळा, क्लास, होमवर्क, टॅब असा भाचीचा दिवस मोजला, तर तो माझ्या ऑफिसच्या दिवसासारखाच निघाला. सगळा छपराखाली.

चार दिवसांनी चष्मा आला आणि लगेच फोन. 'आत्या, डोंगरावरची झाडं वेगवेगळी दिसतात! मला वाटायचं, डोंगर नुसता हिरवाच असतो.' मागून आईचा आवाज, 'पुरे आता. सुईत दोरा ओवून दे आधी.'

यंदा दिवाळीला बॅडमिंटनची रॅकेट पाठवणार आहे. तुम्हीही या वीकएंडला घरच्या पिल्लाला सोबत घ्या, रस्त्यावर उभे राहा आणि विचारा, 'पाटी वाच बघू!'