भोंगा वडगावात वाजला. बेसात कोण वाजवणार?

बेसा (ता. नागपूर ग्रामीण) : संध्याकाळी सात वाजता मालिका सुरू होतात. त्याच वेळी पोरांच्या अभ्यासाचीही वेळ असते. घरात खोल्या दोन, टीव्ही समोरच्या खोलीत, आणि पुस्तकही तिथंच उघडलेलं. आई म्हणते, "बस न अभ्यासाले." पोरगा म्हणतो, "तू तं पाहून राहिली, मी काहून नाही?" या प्रश्नाचं उत्तर बेसात नाही, आणि कुही-भिवापूरच्या गावातही नाही.

टीव्हीनं पोरं बिघडतात, हे वाक्य आपण तीस वर्षांपासून ऐकतो. १९९७ साली दूरदर्शनवर 'शक्तिमान' आलं. त्याची नक्कल करताना मुलं जखमी झाल्याच्या बातम्या तेव्हा आल्या आणि मोठी ओरड झाली. शेवटी शक्तिमानलाच पडद्यावर येऊन मुलांना सांगावं लागलं की, हे सगळं खोटं असतं, असं करू नका. लहान लेकराला खरं आणि बनवलेलं यातला फरक लवकर कळत नाही, एवढं तरी त्यातून साऱ्यांना समजलं. भाषेचंही तसंच आहे. हिंदीत डब केलेल्या 'डोरेमॉन'मुळे आपली मुलं हिंदी बोलू लागली, म्हणून बांगलादेशानं २०१३ मध्ये ते कार्टून बंद केलं होतं. नागपूरकडं हिंदी घरोघरी आधीपासूनच आहे, त्यामुळे इथं त्याचं कोणाला वाईट वाटत नाही. पण मराठी शाळेतलं लेकरू भांडताना हिंदीत भांडतं, ते काही सगळं शेजाऱ्याकडूनच शिकलेलं नसतं.

तरी तेव्हाच्या टीव्हीत एक गोष्ट बरी होती : तो संपायचा. १९८७ ला रविवारी सकाळी 'रामायण' लागलं की गाव एका घरात गोळा व्हायचं आणि भाग संपला की उठून जायचं. आता टीव्ही संपत नाही. टीव्ही बंद केला तर मोबाइल हातात असतो. ग्रामीण मुलांच्या २०२४ च्या 'असर' पाहणीत १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन चालवता येत होता. आदल्या आठवड्यात त्यावर अभ्यासाचं काही केलेली मुलं ५७ टक्के निघाली आणि सोशल मीडिया पाहिलेली ७६ टक्के. हा मोबाइल बहुतेक घरी लॉकडाऊनमध्ये शाळेसाठी म्हणूनच पोरांच्या हाती आला. त्याच काळात, २०२० मध्ये, सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' सुरू झालं होतं. म्हणजे टीव्हीनं शिकवताही येतं. शाळा उघडल्या, अभ्यास वर्गात परत गेला. मोबाइल मात्र घरीच राहिला.

यावर सांगली जिल्ह्यातल्या एका गावानं इलाज काढला. कडेगाव तालुक्यातलं मोहित्यांचे वडगाव, वस्ती तीन हजारांच्या आसपास. मुलांचं अभ्यासात लक्ष नाही, अशी शिक्षकांची तक्रार होती. २०२२ च्या ऑगस्टमध्ये सरपंच विजय मोहिते यांनी विषय महिलांच्या सभेत मांडला. ठरलं असं की सात वाजता मंदिरावरचा भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत घरातला टीव्ही आणि मोबाइल बंद. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी घरोघरी फिरले. सुरुवातीला लोक हसले म्हणतात. पण गावानं ते केलं.

तीन महिन्यांनी आपल्या विदर्भातही ठराव झाला. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातल्या बांशी गावानं १८ वर्षांखालच्या मुलांना मोबाइल वापरायलाच बंदी केली. हेतू तोच, पण दोन्ही ठरावांत मोठा फरक आहे. बांशीत बंदी पोरांवर होती. वडगावात भोंगा बापालाही लागू होता आणि आजीच्या मालिकेलाही. शिवाय तो दीडच तासाचा. बाप ओट्यावर बसून रील पाहतो आणि पोराला म्हणतो मोबाइल ठेव, हे कोणतं पोरगं ऐकेल? म्हणून वडगावची पद्धत जास्त टिकाऊ वाटते. त्यात पोराला पोलीस लावावा लागत नाही, शेजारचं घरच पुरतं. सगळ्यांचाच टीव्ही बंद, तर माझं काय सुटलं, हा प्रश्नच राहत नाही. ऑस्ट्रेलियानं डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांची सोशल मीडिया खाती बंद केली. तिथं निदान जबाबदारी कंपन्यांवर टाकली, लेकरांवर नाही.

आता बेसाचं पाहू. इथं भोंगा वाजवायचा कोणी? काही वर्षांमागं हे गाव होतं, शेती होती. आता लेआउट झाले, फ्लॅट झाले, आणि ग्रामपंचायत जाऊन बेसा-पिपळा नगरपंचायत आली. नगरपंचायतीला ग्रामसभा नसते. रस्ता, नळ, नाली यासाठी नगरसेवक आहे. पण "आमच्या पोरांचं काय करायचं" हे बोलायला सगळे एकत्र बसतील अशी जागा गेली. वरच्या मजल्यावर कोण राहते ते खालच्याला माहीत नसतं. त्यात दोघंही नोकरीवर जाणारी घरं पुष्कळ. शाळेतून आलेलं लेकरू आई येईपर्यंत तीन-चार तास टीव्हीच्याच भरवशावर असतं. त्या आईला दोष देणं सोपं आहे, पण मग तिनं पोराला ठेवावं कुठं? जवळ ना मैदान, ना वाचनालय. भोंग्यानं टीव्ही बंद होईल, पण लेकराला सोबत मिळणार नाही. त्यामुळे बेसात गावभराचा नियम निघणं कठीणच. झालंच तर एका इमारतीचं किंवा एका लेआउटचं होईल, आणि तेही कोणी चार आयांनी मनावर घेतलं तर.

हिंगणा, उमरेड, मौदा, पारशिवनीच्या गावांचं तसं नाही. त्यांची ग्रामसभा अजून शाबूत आहे. वर्षातून निदान चार तरी घ्याव्याच लागतात, आणि त्याआधी महिलांची वेगळी सभा असते. वडगावचा विषय पुढं गेला तो याच सभेतून. आपल्याकडं ही सभा पुष्कळदा रजिस्टरवर सह्या घेऊनच उरकतात. विषय मांडायचा तर सभेआधी सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडं लेखी द्यावा लागेल, आणि सात ते साडेआठची वेळ आपल्या गावाला जमते का तेही पाहावं लागेल. भारनियमनाच्या दिवसांत रात्री ओलिताला जाणाऱ्या घरात साडेसातला कोणी नसतं. तिथं वेळ बदलावी लागेल.