खाते तिचे, कळ कोणाच्या हाती?

सरकारी आकड्यांवर विसंबले, तर भारतातील स्त्री आर्थिकदृष्ट्या स्वतंत्र झाली असेच कोणासही वाटावे. २०१४ साली निघालेल्या जनधन योजनेतील निम्म्याहून अधिक खाती स्त्रियांची आहेत. २०१५ च्या मुद्रा योजनेतील कर्जखात्यांतही त्यांचाच वाटा मोठा आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे १५ ते ४९ वयाच्या शेकडा ७९ स्त्रिया स्वतःचे बँकखाते स्वतः वापरीत होत्या. ही प्रगती खोटी नव्हे. परंतु त्याच पाहणीत आणखी दोन आकडे आहेत, आणि या जयघोषात त्यांचा उच्चार सहसा होत नाही. स्वतः वापरावयाचा मोबाईल शेकडा ५४ स्त्रियांपाशीच होता. आणि ज्याचा विनियोग आपल्या मर्जीने करता येईल असा पैसा होता अवघ्या ५१ जणींपाशी!

या अंतराचा अर्थ स्पष्ट आहे. २०१६ साली 'यूपीआय' आल्यापासून ज्याच्या हाती फोन, त्याच्या हाती तिजोरी. मसाले, पापड, पोळीभाजी विकणाऱ्या भगिनींच्या गाड्यावर आज क्यूआरची चौकट टांगलेली असते. पण कित्येक ठिकाणी ती चौकट यजमानांच्या नाहीतर चिरंजीवांच्या खात्याची असते. राबणारे हात एकीचे, आणि पैसे जमा झाल्याची घोषणा दुसऱ्याच्या नावाने! "घर एकच, मग खाती दोन कशाला?" असे यावर विचारले जाते. आम्ही उलट विचारतो, घर एकच आहे, तर मग खाते तिच्या नावाने का नको?

हा केवळ मानापमानाचा प्रश्न नव्हे. बँक कर्ज देताना खात्यातील उलाढाल पाहते. बाईची विक्री दुसऱ्याच्या खात्यात जमा होत राहिली, तर दहा वर्षे धंदा करूनही कागदोपत्री तिचा धंदा जन्मलेलाच नसतो. आणि दुर्दैवाने खातेदार दगावला, तर खाते गोठते व त्याच्याबरोबर तिचे भांडवलही अडकते.

फसवणुकीचे भय खरे आहे. म्हणूनच शिक्षण हवे. पिन लागतो तो पैसे देण्यासाठी, घेण्यासाठी कधीही नव्हे, हे एक वाक्य पाठ असले तरी निम्मे ठक उपाशी मरतील. फसगत झालीच, तर त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. परंतु पुरुष फसला तर तो अनुभव आणि स्त्री फसली तर तो तिच्या नालायकीचा पुरावा, हा घराघरांतला न्याय आधी बंद झाला पाहिजे. एका चुकीसाठी तिच्या हातून फोन काढून घेणे म्हणजे ठेच लागली म्हणून पाय बांधून ठेवण्यासारखे आहे.

कोणते बटण दाबावे एवढेच शिकविणाऱ्या शिबिरांना आम्ही साक्षरता म्हणावयास तयार नाही. कर्जाचा हप्ता किती यापेक्षा एकूण परतफेड किती, हे विचारता येणे. घराचा आणि धंद्याचा पैसा वेगळा ठेवणे. आणि नको त्या कर्जाला 'नाही' म्हणणे, ही खरी साक्षरता होय. कर्जाची मुख्य माहिती दर्शविणारे पत्रक कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्यावे, असा रिझर्व्ह बँकेचा २०२४ चा आदेश आहे. आपल्या शाखेत ते मराठीत मिळते काय, हे प्रत्येक बचतगटाने जाऊन विचारावे आणि मिळेपर्यंत सही करू नये.

हे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. साताऱ्याच्या दुष्काळी म्हसवडात स्त्रियांनी बँक काढावयाचे ठरविले, तेव्हा प्रवर्तक स्त्रिया निरक्षर म्हणून त्यांचा पहिला अर्ज नामंजूर झाला. त्यांनी अक्षरे गिरविली, पुन्हा अर्ज केला, आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. हिशेब त्यांना आधीपासूनच येत होता. उणीव होती ती अक्षरांची.

आजच्या उद्योजिकेचीही गोष्ट तीच आहे. व्यवहार तिला कळतो. यंत्र तेवढे नवे आहे. महिला आर्थिक विकास महामंडळाने, बँकांनी आणि सहकारी संस्थांनी तिला तिच्याच फोनवर, तिच्याच खात्यातून, दहा-वीस रुपयांच्या व्यवहारांनी हे शिकवावे. आणि खाती किती उघडली ही मोजदाद आता पुरे झाली! त्यातील किती खाती खातेदार स्त्री स्वतः चालविते, हा आकडा सरकारने दरवर्षी जाहीर करावा, अशी आमची मागणी आहे.