घराचा नंबर फाट्यापर्यंत येऊ द्या

गावात किंवा शेतवस्तीवर राहणाऱ्या सगळ्यांना एक विनंती आहे. सवड काढून घराबाहेर या आणि आपल्या दाराची चौकट नीट पाहा. जुनी चौकट असेल तर तिच्यावर तीन-चार तऱ्हेचे आकडे सापडतील. मागच्या जनगणनेत रंगवलेला नंबर, पोलिओच्या पथकाने खडूने काढलेला इंग्रजी ‘पी’ आणि बाण, फवारणीवाल्यांनी टाकलेली तारीख, कुठल्या तरी सर्व्हेचा क्रमांक, आणि कोपऱ्यात ग्रामपंचायतीची गंजलेली पत्र्याची पाटी. आता घरातल्या प्रत्येकाला विचारा, यातला आपल्या घराचा नंबर कुठला? तिघांकडून तीन उत्तरे आली तर नवल नाही.

जनगणनेचा नंबर त्या मोजणीपुरता असतो. तो घरावर लिहू देणे 1948 च्या जनगणना कायद्याने आपल्यावर बंधनकारक आहे. 2027 च्या जनगणनेसाठी कोणी नंबर टाकायला आले तर अडवू नका, लगेच पुसूही नका. पण पत्ता म्हणून तो कुठे देऊ नका. गावात तुमच्या घराचा नंबर एकच, ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये आहे तो. नमुना 8 म्हणजे कर आकारणीची नोंदवही. मालकाचे नाव, भोगवटादाराचे नाव, घर मातीचे की सिमेंटचे, लांबी-रुंदी किती आणि घरपट्टी किती, हे सगळे तिच्यात असते. 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याखाली 1960 मध्ये झालेल्या कर व फी नियमांप्रमाणे ती ठेवली जाते आणि दर चार वर्षांनी नव्याने आकारणी होते.

आता घोळ कुठे होतो ते सांगतो. ही वही घरपट्टी वसूल करण्यासाठी आहे, घर शोधून देण्यासाठी नाही. गावात जो नवीन घर बांधतो त्याला वहीतला पुढचा नंबर मिळतो, मग त्याचे घर वेशीजवळ असो की ओढ्यापलीकडे. भावाभावांत वाटण्या झाल्या की 31 चे 31/1 आणि 31/2 होतात. त्यातला एक भाऊ मळ्यात राहायला जातो आणि कधी कधी नंबरही सोबत घेऊन जातो. म्हणून 31 च्या शेजारी 214 असतो आणि 32 सापडतच नाही. गावातल्या माणसाला याची अडचण वाटत नाही, कारण तो नंबराने घर शोधतच नाही. ‘पाटलांच्या वाड्यामागे, लिंबाखाली’ एवढे त्याला पुरते. अडचण रात्री दोन वाजता बाहेरून येणाऱ्याची होते, आणि त्या वेळी येणारा बहुधा पाहुणा नसतो. ती 108 ची गाडी असते.

यावर सगळ्या गावाचे नंबर बदला, असे मी सांगणार नाही. जुना नंबर वीजबिलावर, बँकेत, रेशनकार्डावर गेलेला असतो. तो बदलला की वर्षभर कागद हातात घेऊन फिरावे लागते. नंबर आहे तोच राहू द्या. त्याला वाडी, आळी आणि रस्ता जोडून घ्या, आणि तो दिसेल असा लावा. एवढ्याने बरेच काम होते.

पहिले काम कागदाचे. ग्रामसेवकांकडून (आता त्यांच्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) नमुना 8 चा उतारा काढा. 2015 च्या लोकसेवा हक्क कायद्याखाली ही अधिसूचित सेवा आहे, म्हणजे ठरलेल्या मुदतीत उतारा मिळालाच पाहिजे आणि नाही मिळाला तर अपील करता येते. उताऱ्यावरचा नंबर, पाटीवरचा नंबर आणि घरपट्टीच्या पावतीवरचा नंबर जुळतात का ते पाहा. वारलेल्या आजोबांचे नाव अजून तसेच असेल तर वारसनोंदीचा अर्ज द्या. त्याच फेरीत आणखी एक करून टाका. घराच्या नोंदीत पती आणि पत्नी दोघांचीही नावे असावीत, असा शासन निर्णय 2003 पासून आहे. अनेक घरांत तो अजून पोचलेला नाही, आणि अडवतो तो ग्रामसेवक नव्हे, घरातलाच पुरुष अडवतो, हे बायकांना सांगायला नको.

एक सावधगिरी. नमुना 8 वर नाव आहे आणि घरपट्टी भरली आहे, म्हणून मालकी सिद्ध होत नाही आणि विनापरवाना बांधकाम अधिकृतही होत नाही. ‘नंबर पडला म्हणजे घर पक्के’ असे सांगून कोणी जागा विकत असेल तर चार पावले मागे या.

मालकीसाठी मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, पाहतात. पूर्वी बहुतेक गावठाणांची घरनिहाय मोजणीच झालेली नव्हती; गावाच्या नकाशावर गावठाण म्हणजे एक मोकळा ठिपका असायचा. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत ड्रोनने मोजणीचा प्रयोग झाला आणि 24 एप्रिल 2020 ला स्वामित्व योजना सुरू झाली. ड्रोन उडण्याआधी घरांच्या हद्दी चुन्याने आखतात. त्या दिवशी घरी राहा. शेजाऱ्याशी बोळाचा किंवा ओट्याचा वाद असेल तर चुना पडण्याआधी बोला, कारण वरून फोटो निघतो तो चुन्याच्या रेघेचा. या पत्रिकेवरचा क्रमांक घरक्रमांकापेक्षा वेगळा असतो. दोन्ही जपून ठेवा, एकाच्या जागी दुसरा देऊ नका.

खरी कसोटी शेतवस्तीवर आहे. गावठाणात निदान आळी असते. मळ्यातल्या घराचा पत्ता लोक ‘गट नंबर अमुक’ एवढाच देतात. पण गट चार-पाच एकरांचा असू शकतो, त्यात भावकीची सहा घरे असू शकतात, आणि गट नंबर बांधावर कुठे लिहिलेला नसतो; तो तलाठ्याच्या नकाशात असतो. साप चावलेल्या माणसाला घेऊन जायला आलेल्या चालकाला गट नंबर सांगून काय उपयोग? त्याला हवे असते ते एवढेच: डांबरी कुठे सोडायची, पाणंदीने किती जायचे, आणि घर कुठल्या हाताला.

अमेरिकेतल्या अनेक ग्रामीण काउंट्यांनी हाच विचार करून घरांना अंतरावरून नंबर दिले आहेत. रस्ता जिथे सुरू होतो तिथून मोजायचे, मैलाला हजार नंबर धरायचे, एका बाजूला सम आणि दुसऱ्या बाजूला विषम. 2500 नंबर म्हणजे अडीच मैलांवर. घर आत शेतात असले तरी पाटी रस्त्याच्या तोंडाशी, रात्री चमकणारी. आपल्याकडे सगळे तसेच उचलता येणार नाही, कारण पाणंदीला नाव नसते आणि बऱ्याच ठिकाणी पाणंदच कोणी नांगरून टाकलेली असते. पण पाटी तोंडाशी लावायची ही युक्ती घ्यायला हरकत नाही.

म्हणून येत्या ग्रामसभेत विषय मांडा. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, या तारखांच्या आसपास सभा होतातच. प्रत्येक वस्तीला एकच नाव पक्के करा. एकाच वस्तीला कोणी ‘वरचा मळा’ म्हणतो, कोणी आडनावाने ओळखतो, तसे नको. डांबरीवरून वळायच्या प्रत्येक फाट्यावर खांब उभा करा. त्यावर वस्तीचे नाव, घरांचे नंबर आणि शेवटचे घर किती अंतरावर आहे ते लिहा. ठराव इतिवृत्तात आला की खर्च गावाच्या विकास आराखड्यात टाकायला सांगता येते. खांब महिनोन् महिने येणार नाही, हेही खरे. तोवर फाट्यावरच्या मोठ्या दगडावर रंगवून ठेवा.

वस्त्यांच्या नावांवरून आठवले. जातीवरून पडलेली वस्त्यांची नावे बदलण्याचा निर्णय राज्याने डिसेंबर 2020 मध्ये घेतला. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर अशी नावे द्यावीत असे ठरले. चांगले झाले, माणसाने आपली जात पत्त्यात लिहून पाकीट का पाठवावे? पण ठराव झाला आणि फाट्यावरची पाटी, शाळेचा दाखला, वीजबिल तसेच राहिले, तर जुने नाव मरत नाही. त्यांचा पाठपुरावा करा. आणि आता बऱ्याच गावांत एक समतानगर असणार, तेव्हा वस्तीच्या नावाआधी गावाचे नाव लिहायला विसरू नका.

पाटी कशी असावी? आकडा निदान चार बोटे उंच, गडद रंगावर पांढरा, किंवा सरळ रेडियमचा, म्हणजे गाडीच्या दिव्यात उजळतो. गाडीतल्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर लावा. तुळशीवृंदावनामागे, कडब्याच्या गंजीआड किंवा फाटकाच्या आतल्या बाजूला नको, फाटक लावले की ती दिसेनाशी होते. दाराला नवीन टाइल बसवताना गवंड्याला आधीच सांगा, नाहीतर नंबर टाइलखाली जातो. देवनागरी की इंग्रजी आकडे यावर भांडू नका, दोन्ही लिहा. देवनागरी १ अंधारात आणि घाईत इंग्रजी 9 वाटतो, आणि ११ नंबरच्या घरापुढे उभा असलेला कुरियरवाला 99 वाल्याला फोन करत बसतो.

टपालासाठी दोन गोष्टी. आपल्या गावात पोस्ट असेल तरच ‘मु. पो.’ एकत्र लिहा. पोस्ट शेजारच्या गावी असेल तर ‘मु.’ आपले आणि ‘पो.’ त्यांचे. वडगाव आणि पिंपळगाव महाराष्ट्रात इतकी आहेत की तालुका, जिल्हा आणि पिन कोड नसेल तर पाकीट फिरतच राहते. हा गोंधळ सोडवण्यासाठीच पिन कोड 15 ऑगस्ट 1972 ला सुरू झाला, आणि त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी माणूस, संस्कृतचे मोठे कवी, होते. पण पिन कोड पोस्टापर्यंतच नेतो. आता टपाल खात्याने 27 मे 2025 पासून डिजिपिन आणला आहे. देशाचे सुमारे चार मीटर बाय चार मीटरचे चौकोन पाडून प्रत्येकाला दहा अक्षर-आकड्यांचा संकेत दिला आहे. फोनवर तो फुकट काढता येतो. त्यात ना नाव असते ना मालकी, फक्त जागा. शेतवस्तीवाल्यांनी तो जरूर काढावा आणि दाराच्या आतल्या बाजूला मोठ्या अक्षरांत लिहावा. रस्ता मात्र तो सांगत नाही. ओढ्याला पाणी असताना कुठून यायचे हे तुम्हालाच सांगावे लागेल.

तेही आधीच लिहून ठेवा, कारण घाबरलेला माणूस फोनवर शेजाऱ्याचे नाव सांगतो आणि गाव विसरतो. 108 किंवा 112 वर आधी जिल्हा आणि तालुका, मग गाव, वस्ती, फाट्याची खूण, शेवटी घराचा नंबर, असा क्रम ठेवा. आजीला वाचता येईल एवढ्या अक्षरांत तो कागद भिंतीला लावा, आणि गाडी निघाली असे कळले की कोणाला तरी बॅटरी घेऊन फाट्यावर पाठवा.

शेवटी, पाट्या विकणाऱ्यांविषयी. ‘पंचायतीनेच पाठवलेय, सक्तीचे आहे’ म्हणत कोणी दारोदार नंबर प्लेट विकत फिरत असेल, तर मासिक सभेचा ठराव दाखवायला सांगा, त्यात रक्कम लिहिली आहे का पाहा आणि पैसे दिलेच तर ग्रामपंचायतीची छापील पावती घ्या. यातले काही दाखवता आले नाही तर त्याला पुढच्या घरी नव्हे, सरपंचांकडे पाठवा. त्या प्लेटवाचून तुमचे काही अडलेले नाही. ऑइल पेंटचा छोटा डबा, एक ब्रश आणि अक्षर चांगले असलेली घरातली मुलगी, एवढे पुरे. फक्त रंगवायला बसण्याआधी आकडा नमुना 8 च्या उताऱ्याशी ताडून घ्या.