मुदतीविना मोबदला

इमारत उभी राहते, रंग चढतो, उद्घाटनाची फीत कापली जाते. पण ती बांधणाऱ्याचे देयक मात्र कचेरीच्या टेबलावर पडून राहते. 2025 साली तर महाराष्ट्रातील शासकीय कंत्राटदारांना थकलेल्या देयकांसाठी आंदोलनाचा मार्ग धरावा लागला. केलेल्या कामाचा दाम मागणे यात गैर काहीच नाही. परंतु दाम केव्हा द्यावयाचा आणि उशीर झाल्यास त्याची भरपाई कोणी करावयाची, हे करारात कोणत्या शब्दांत लिहिले होते, हा प्रश्न विचारल्यावाचून आम्हांस राहवत नाही.

प्रश्न रुक्ष आहे खरा. पण तंटा लवादापुढे गेला की त्याच रुक्ष शब्दांवर निवाडा होतो. व्याजाचेच पाहा. 1996 च्या लवाद कायद्याचे 31 वे कलम लवादास व्याज देण्याचा अधिकार देते, मात्र उभयपक्षी निराळे ठरले नसेल तरच. गर्ग बिल्डर्स विरुद्ध भारत हेवी इलेक्ट्रिकल्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली हीच गोष्ट स्पष्ट केली. ठेकेदारास देय होणाऱ्या रकमेवर व्याज मिळणार नाही, असे करारात लिहिलेले असल्यामुळे तंटा चालू असतानाच्या काळाचे व्याज त्यास मिळाले नाही. एका ओळीची किंमत ही अशी असते!

यावर कोणी म्हणेल, सही करण्यापूर्वी वाचावयास नको होते काय? वाचावयास हवेच. परंतु निविदेचा नमुना छापील असतो आणि त्यात आपली अट घालू पाहणाऱ्याची निविदाच बाद होण्याचा संभव असतो. जेथे एक पक्ष लिहितो आणि दुसरा केवळ सही करतो, तेथे संमती या शब्दाला कितीसा अर्थ उरतो?

लहान उद्योगांसाठी 2006 साली झालेल्या कायद्याने पैसे चुकते करण्यास अधिकात अधिक 45 दिवसांची मर्यादा घातली आणि विलंबास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लावले. पण बांधकामाच्या ठेक्यास हे संरक्षण मिळते की नाही, यावरच न्यायालयांत वाद झाले आहेत. म्हणून आमचे शासनास सांगणे आहे की, मोजमाप किती दिवसांत घ्यावयाचे, देयक किती दिवसांत चुकते करावयाचे, जादा कामाचा लेखी आदेश कोणी द्यावयाचा आणि विलंबाचे व्याज किती, ही चार कलमे प्रत्येक शासकीय करारात असावीत.

आणि दोन शब्द कंत्राटदारांसही. 'वरून पैसे आले की देतो' असे सांगून जे आपल्या पोटठेकेदारास ताटकळत ठेवतात, त्यांनी शासनाकडे मुदत मागताना आपलाही करार तपासावा. ब्रिटनने 1996 च्या कायद्याने असली कलमे, वरचा धनी दिवाळखोरीत निघाल्याचा अपवाद सोडता, निष्प्रभ ठरविली. आपल्याकडे मात्र उशिराचा भार पायरीपायरीने खाली उतरत अखेर गवंड्याच्या आणि विटा वाहणाऱ्या बाईच्या आठवड्याच्या पगारावर येऊन बसतो. त्यांच्या हाती तर करारही नसतो. ज्यांच्या हाती तो आहे, त्यांनी तो नीट लिहिला पाहिजे.