हात वर जात नाही? बीडच्या ऊसतोड मजुरासाठी इंजेक्शन, ऑपरेशन की व्यायाम?

मार्च-एप्रिल आला की धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासारकडे ट्रॅक्टर आणि ट्रक परतू लागतात. पाच-सहा महिने पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडून आलेली माणसं गावी येतात. कुणाचं उचलीचं फिटलेलं असतं, कुणाचं नसतं. आणि अनेकांच्या तोंडी एक तक्रार असते : "खांदा धरलाय, हात वरच जात नाही."

मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं इंजेक्शन घे, कुणी म्हणतं शहरात जाऊन ऑपरेशन कर, कुणी म्हणतं हात हलवूच नको. यातलं खरं काय?

खांदाच का धरतो?

ऊसतोडीचं काम बघा. वाकून कोयता मारायचा, पाचट काढायचं, वाढे छाटायचे, मोळी बांधायची आणि तीस-चाळीस किलोपर्यंतची ती मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. दिवसभर हेच.

खांद्याची खोबणी उथळ असते, त्यामुळे हात सगळीकडे फिरतो. पण सांधा जागेवर धरून ठेवायची बरीच जबाबदारी चार लहान स्नायूंवर येते. त्यांना 'रोटेटर कफ' म्हणतात. डोक्यावर हात नेऊन वारंवार वजन उचललं की या स्नायूंचे कंडरे दुखावतात.

दुसरा आजार म्हणजे 'फ्रोझन शोल्डर'. यात सांध्याभोवतीची पिशवीच जाड होऊन आखडते. चाळिशी ते साठीच्या दरम्यान, बायकांमध्ये आणि मधुमेह असलेल्यांमध्ये तो जास्त दिसतो.

ढोबळ फरक असा : दुखरा हात तुम्हाला उचलता येत नाही, पण दुसऱ्याने धरून हळूच उचलला तर वर जातो, म्हणजे दुखणं बहुधा स्नायूचं. दुसऱ्याने उचलूनही हात अडतो, कोपर पोटाला टेकवून पंजा बाहेर फिरवता येत नाही, म्हणजे सांधा आखडलेला असू शकतो. पक्कं निदान मात्र डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टनेच करायचं.

अभ्यास काय सांगतात?

यावर ब्रिटनमध्ये तीन मोठे अभ्यास झाले. तिन्ही 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले.

२०१८ : खांद्यातलं हाड घासून जागा मोकळी करण्याचं ऑपरेशन आणि नुसती दुर्बीण आत घालून काहीच न करणं यांची तुलना झाली. रुग्णांना जाणवलेला फरक नगण्य होता.

२०२० : फ्रोझन शोल्डरच्या ५०३ रुग्णांवर फिजिओथेरपीसह स्टेरॉइड इंजेक्शन, भूल देऊन सांधा मोकळा करणं आणि दुर्बिणीचं ऑपरेशन हे तीन उपाय तपासले. वर्षभरानंतर कुठलाही उपाय ठळकपणे सरस ठरला नाही.

२०२१ : रोटेटर कफच्या ७०८ रुग्णांपैकी काहींना फिजिओथेरपिस्टकडे सहापर्यंत भेटी दिल्या. काहींना एकाच भेटीत नीट समजावून, घरी करायचे व्यायाम शिकवून पाठवलं. वर्षभरात दोन्ही गटांत फारसा फरक नव्हता. इंजेक्शनने सुरुवातीला थोडा आराम पडला, पण तो पुढे टिकला नाही.

बीडसाठी हा शेवटचा निष्कर्ष मोलाचा आहे.

एक भेट का महत्त्वाची?

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. एक जण बसला की दोघांचं काम अडतं आणि 'खाडा' पडतो. त्याचे पैसे उचलीतून कापले जातात. अशा माणसाला "आठवड्यातून तीनदा तालुक्याला या" सांगून उपयोग नाही.

दिवस मोडला की पैसे जातात, तेव्हा 'एकदाच काय ते उरकून टाकू' असं वाटणं साहजिक आहे. याची किंमत बीडने पाहिली आहे. २०१९ मध्ये झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. खांद्याचा प्रश्न वेगळा आहे, पण घाईच्या ऑपरेशनकडे ढकलणारी परिस्थिती तीच आहे.

शिवाय वेळ आहे. हंगाम संपल्यापासून दिवाळीच्या आसपास पुन्हा निघेपर्यंत पाच-सहा महिने मिळतात. खुरपणी-काढणीची कामं असतात, पण मोळी नसते. स्नायूंना बळ यायला साधारण बारा आठवडे लागतात. फ्रोझन शोल्डरला मात्र वर्ष-दोन वर्षंही लागू शकतात.

घरी काय करायचं?

१. एक हात बाजेवर टेकवून पुढे वाका. दुखरा हात सैल लोंबकळू द्या, छोटे गोल फिरवा.

२. भिंतीसमोर उभे राहा, बोटं चालवत हात वर न्या. रोज खूण करा.

३. पाठीवर झोपून दोन्ही हातांनी काठी धरा. चांगल्या हाताच्या जोराने दुखरा हात वर न्या.

४. दुखणं कमी झाल्यावर रबरी पट्टा किंवा सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी ओढून ताकद वाढवा. हे आधी शिकून घ्या.

करताना थोडं दुखलं तर चालतं. दुखणं दुसऱ्या दिवशीही वाढलेलंच राहिलं तर प्रमाण कमी करा.

कधी थांबायचं नाही?

पडल्यानंतर हात उचलताच येत नसेल, खांदा सुजून ताप आला असेल, हाताची ताकद गेली असेल, तर व्यायाम नको, थेट दवाखाना गाठा. खांद्यासोबत छातीत दुखून घाम, धाप लागत असेल तर ते हृदयाचं असू शकतं, एक मिनिटही दवडू नका. मधुमेह असेल तर इंजेक्शनआधी डॉक्टरांना सांगा, साखर वाढू शकते.

मग अडतं कुठे?

ब्रिटनच्या त्या रुग्णांना दुसऱ्या दिवशी मोळी उचलायची नव्हती, हा फरक विसरून चालणार नाही. व्यायामाने खांदा बळकट होतो, पण मोळीचं वजन कमी होत नाही.

तरीही ऊसतोड महिलांच्या हंगामाआधीच्या आणि नंतरच्या आरोग्य तपासणीत "हात वर करा बरं" एवढा एक प्रश्न घालता येईल. अडलेल्या माणसाला फिजिओथेरपिस्टची एक नीट भेट आणि चार व्यायामांचा मराठी कागद देता येईल. याला ना ऑपरेशन थिएटर लागतं, ना मशीन. लागते ती शिकवणारी एक व्यक्ती आणि अर्धा-पाऊण तास.