मुठीच्या मापाची सुरी



गेल्या दिवाळीनंतर आमच्या सासूबाईंनी विळीवर बसणे सोडले. गुडघे आधीच साथ देत नव्हते. आता उजव्या हाताची बोटेही सकाळी आखडू लागली. ओट्याशी किंवा टेबलापाशी बसून चिरता यावे म्हणून आम्ही बाजारातून एकामागून एक तीन सुऱ्या आणल्या. एकीची प्लॅस्टिकची मूठ ओल्या हातातून निसटे. दुसरीचे पाते इतके रुंद की तोंडल्यात नीट शिरेना. तिसरीची धार पंधरवड्यात गेली. तिन्ही मिळून साडेतीनशे रुपये खर्च झाले आणि तिन्ही खणात पडून राहिल्या.

आपल्या घरांत भाजी चिरणे म्हणजे नुसते तुकडे करणे नव्हे, हे वाचकांस सांगणे नलगे. भेंडी आधी उभी उघडावी, आत पाहावे आणि मग चिरावी. तोंडले, वालपापडी, मटार, सारेच उघडून, उजेडाकडे धरून पाहावयाचे. आत एखादा जीव असेल तर पात्याखाली येऊ न देता अलगद बाजूला काढावयाचा. सासूबाईंनी हे काम पन्नास वर्षे केले. चौविहार असल्यामुळे सूर्यास्ताच्या आत स्वयंपाक उरकावयाचा, आणि भाजी पाहिली ती त्यांनीच. आता ते काम माझ्याकडे आले. त्या काही बोलल्या नाहीत; मात्र त्यांच्या ताटातून हिरवी भाजी दिसेनाशी झाली. अष्टमी नाही, चतुर्दशी नाही, तरी त्यांचे जेवण वरण-भात आणि पापडावर आटोपू लागले. एकदा आग्रहाने विचारले तेव्हा म्हणाल्या, "तुझ्या पाहण्यावर अविश्वास नाही गं. पण डोळ्यांनी पाहून हातांनी चिरल्याखेरीज मला घास उतरत नाही, त्याला मी काय करू?"

तेव्हा ठरविले, की त्यांच्या हाताच्या मापाची सुरी घडवून घ्यावयाची.

मागणीनुसार सुऱ्या घडविणारे कारागीर आज मोठ्या शहरांत आहेत. त्यांचे काम देखणे असते आणि किंमत हजारांत जाते. आमच्या यजमानांनी वहीत या कामासाठी आठशे रुपयांची मर्यादा घातली होती. व्यापारी घरात मर्यादा एकदा लिहिली की ती पाळावयाची असते. मग शहाडचीच आठवण झाली. कल्याणहून मुरबाडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला एक घिसाडी कुटुंब भाता लावून बसलेले आम्ही येता-जाता पाहत असू. विळे, कोयते, खुरपी, विळीची पाती हा त्यांचा रोजचा माल. घिसाडी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या गावोगाव फिरून हेच काम करीत आली आहेत. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत त्यांचे नाव आहे.

घरात मात्र एक शंका निघाली. मामंजी हयात असताना शेजारी कोणी कुऱ्हाड वा कोयता मागावयास आला तर नम्रपणे नकार देत. श्रावकाचारात अनर्थदंडाच्या प्रकारांत हिंसादान सांगितले आहे. कुऱ्हाड, तलवार, कुदळ, अग्नी, विष अशी हिंसेची साधने दुसऱ्याच्या हाती देणे, ते हिंसादान. "मग आपण होऊन पाते घडवून घेणे कसे?" असे यजमानांनी विचारले. उत्तर सासूबाईंनीच दिले. "त्या शब्दात 'अनर्थ' आहे तो पाहा. ज्याचे प्रयोजन नाही ते अनर्थ. जीव वाचवून भाजी उघडायची, हे प्रयोजन नव्हे का? शिवाय ही सुरी आपण कोणाला उसनी देणार नाही." शंका तेथेच मिटली, आणि नकळत आमच्या सुरीचे वर्णनही पक्के झाले. कापण्यापेक्षा उघडण्याचे काम अधिक करणारी ती सुरी हवी होती.

दिवस निवडणे हाही काटकसरीचा भाग आहे. पेरणीपूर्वी खुरप्यांची आणि भातकापणीपूर्वी विळ्यांची गर्दी असते; तेव्हा कारागिराला श्वास घ्यावयासही सवड नसते. आम्ही पौषात गेलो. भाता चालविणाऱ्या दादांनी प्रथम विचारले, "ताई, कापायचं काय?" पोलाद कोणते, नक्षी कशी, हे त्यांनी विचारले नाही. चांगल्या कारागिराची ही खूण मानावी.

पोलाद होते ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचे. भंगारात वजनावर मिळणारा हा पाटा हीन समजू नये. ट्रकचा भार वर्षानुवर्षे झेलण्यासाठी बनविलेल्या त्या पोलादात साधारण अर्धा टक्का वा किंचित अधिक कर्ब असतो आणि तो उत्तम धार धरतो. भौगोलिक मानांकन लाभलेल्या मेरठच्या कात्र्याही जुन्या गाड्यांच्या भंगारातूनच घडत आल्या आहेत. पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असलेल्या सुऱ्या हल्ली फार मिरवतात. निरनिराळ्या पोलादांचे थर एकत्र ठोकून ती नक्षी आणतात. त्या श्रमाचे मोल द्यावे लागते, पण भेंडीला त्या लहरींचा उपयोग नाही.

पैसे मोजावेत ते 'पाण्या'साठी. पाते लाल तापवून एकदम थंड करणे, याला कारागीर पोलादाला पाणी देणे म्हणतात. सुमारे ७७० अंशांना तापलेले पोलाद लोहचुंबकाला चिकटेनासे होते. त्याच्या थोडे पुढे गेले की पाते बुडवावयाचे. दादांजवळ मापक नव्हते. सावलीत बसून रंगावरूनच ते तो क्षण ओळखत. पातळ पाते थंड पाण्यात बुडविले तर तडकण्याचा धोका असतो, म्हणून तेल वापरले. आम्ही घरून जुने गोडेतेल नेले होते. बुडविल्यावर पाते कडक होते, पण काचेसारखे ठिसूळही. म्हणून ते घासून उजळ करून पुन्हा मंद तापवितात. पृष्ठभाग गवताच्या काडीसारखा पिवळसर झाला की थांबतात. निळा होऊ दिला तर धारेसाठी ते मऊ पडते. घेणाऱ्याने करावयाची परीक्षा सोपी आहे. धारेजवळ कानस हलकी फिरवून पाहावी. ती लोण्यासारखी खात गेली तर पाणी बसलेले नाही. घसरली वा जेमतेम ओरखडा उठला तर काम चोख आहे. मग पाते डोळ्यासमोर आडवे धरून धार सरळ आहे की नाही तेही पाहावे.

मुठीचे माप घेण्याची युक्ती सासूबाईंची. त्यांनी कणकेचा घट्ट गोळा मुठीत दाबला आणि तसाच वाळू दिला. बोटांचे ठसे त्यावर स्पष्ट उमटले. आखडलेल्या बोटांना बारीक मूठ आवळून धरावी लागते आणि त्यातच वेदना होतात. लांबट गोल, जाड मूठ आपोआप हातात बसते. हे त्या गोळ्याने आम्हांस शिकविले. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात एका सुताराकडून शिसवीचा उरलेला तुकडा घेतला आणि त्यालाच तो गोळा दाखविला. मूठ शिंगाची वा हाडाची नको आणि म्यान चामड्याचे नको, हे आधीच सांगून ठेवावे. पुष्कळ महागड्या सुऱ्यांना ती असतात. आमचे म्यान जाड खादीचे, घरी शिवलेले आहे.

एक चूक झाली, ती आमचीच. पहिल्या भेटीत मी "मजबूत करा हं" असे म्हणून आले. दादांनी मजबूत केले. पाठ चांगली चार मिलिमीटर जाड. खोबरे फुटावे अशी सुरी. सासूबाईंनी तोंडले घेतले, तर ते उघडण्याऐवजी फाटले. यजमान म्हणाले, "सुरी त्यांनीच केली, त्यांनीच दुरुस्त करून द्यावी." सासूबाईंनी त्यांना थांबविले. "आपण मजबूत मागितलं, पातळ मागितलं नाही. दुकानात गिऱ्हाइकाने चुकीचं माप सांगितलं तर कापड तू फुकट बदलून देतोस का?" दुसऱ्या खेपेस आम्ही पुठ्ठ्याचा नमुना कापून नेला. पाते पाच इंच लांब, मुठीपाशी एक इंच रुंद आणि टोकाकडे निमुळते. पाठ मुठीजवळ दोन मिलिमीटर, पुढे त्याहून कमी. दादांनी तेच पाते सहाणेवर पातळ केले. पोलाद तापून त्याचे पाणी उतरू नये म्हणून क्षणाक्षणाला ते पाण्यात बुडवीत होते. या कामाचे शंभर रुपये निराळे दिले.

हिशेब असा. पाते घडविणे व पाणी देणे ४००, पातळ करणे १००, मूठ व पितळी खिळे १८०, धार लावणे ४०. एकूण ७२० रुपये. दादांनी पात्याचे साडेचारशे सांगितले होते, यजमानांनी चारशेवर आणले. घरी आल्यावर सासूबाई म्हणाल्या, "मर्यादा आठशेची होती. मग उरलेल्या ऐंशीतले पन्नास कोणाचे?" दुसऱ्या दिवशी दुकानात जाताना यजमान ते पन्नास रुपये देऊन आले. त्यांच्या वहीत आता ७७० लिहिलेले आहेत. कमी पैशांत घ्यावयाचे तर कमी मागावे. नक्षी, चकाकी, नाव सोडून द्यावे. मात्र घण उचलणाऱ्याच्या घामातून काटकसर करू नये. मोजका परिग्रह आणि रास्त दाम, ही दोन्ही एकाच व्यवहारात साधता येतात.

कायद्याची एक गोष्ट लक्षात असू द्यावी. शस्त्रविषयक नियमांत नऊ इंचांहून लांब वा दोन इंचांहून रुंद पात्यांची गणना शस्त्रांत केली आहे. घरगुती, शेतीच्या वा उद्योगाच्या कामासाठी बनविलेली पाती त्यातून वगळली आहेत. स्वयंपाकाच्या सुरीला एवढे पाते लागतही नाही. तरी नवी सुरी आणताना ती कागदात गुंडाळून, डब्यात बंद करून आणावी; उघडी पिशवीत टाकून लोकलच्या गर्दीत शिरू नये.

असे पोलाद गंजते, म्हणून त्याची निगा राखावी लागते. लिंबू, कैरी, टोमॅटो चिरताच धुऊन कोरडे पुसावे. ओले ठेवू नये. हळूहळू पाते काळसर होते, तो दोष नव्हे. तांबूस गंज दिसला तर चिंचेने घासून काढावा आणि खोबरेल तेलाचा हात फिरवावा. महिन्यातून एकदा ओल्या सहाणेवर दोन्ही बाजूंनी सारख्या वेळा फिरविली की धार पूर्ववत होते.

आता रोज चार वाजता सासूबाई खिडकीपाशी टेबल ओढून बसतात. गेल्या आठवड्यात वालपापडीच्या एका शेंगेत हिरवी अळी निघाली. त्यांनी शेंगेचा तेवढा भाग अळीसह कापून घेतला आणि मला हाक मारली. मी तो अंगणातील तुळशीमागच्या झुडपात ठेवून आले. त्या संध्याकाळी त्यांनी वालपापडीची भाजी दोनदा मागून घेतली.