नॉमिनी म्हणजे वारस नव्हे!

जालन्याहून एका भगिनींचे पत्र आले आहे. त्या लिहितात, "आमचे हे स्टीलच्या कारखान्यात आहेत. लग्नाआधी त्यांनी बँकेतल्या ठेवीवर माझ्या दिरांचे नाव लावले, ते तसेच आहे. आता आम्हाला दोन मुलं आहेत. नाव बदला म्हटलं, तर म्हणतात, 'वारस लावलाय ना, झालं!' मग माझं आणि मुलांचं काय?"

ताई, सगळा घोटाळा त्या 'वारस' शब्दाचा आहे. बँकेच्या फॉर्मवर असते 'नॉमिनी', आणि आपण म्हणतो 'वारस लावला'. इंग्रजीत वारसाला निराळाच शब्द आहे, 'लीगल हेअर'. (केसांचा 'हेअर' नव्हे हं!) खातेदाराच्या पश्चात बँकेने पैसे कोणाच्या हाती द्यावेत, तो नॉमिनी. ते पैसे कायद्याने ज्याचे होतात, तो लीगल हेअर. गावाला जाताना शेजारणीकडे किल्ली ठेवली, म्हणून घर काही तिचे होत नाही!

देव करो आणि तशी वेळ न येवो. पण आली, तर बँक पैसे दिरांना देऊन मोकळी होईल. ते पैसे दिरांचे मात्र नव्हेत. मृत्युपत्र नसेल, तर १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने पत्नी, मुलगे, मुली आणि हयात असल्यास सासूबाई, या सर्वांना सारखा वाटा. म्हणजे चार लाखांची ठेव असेल, तर तुम्ही, दोन मुलं आणि सासूबाई, प्रत्येकी एक लाख. (हा हिशेब हिंदू, बौद्ध, जैन व शीख कुटुंबांचा; मुस्लिम भगिनींसाठी कायदा वेगळा आहे.) दिरांनी आपणहून दिले तर उत्तमच. नाही दिले, तर कोर्टाची पायरी चढणे आले.

आपल्या स्वयंपाकघरात टांगलेले 'कालनिर्णय' पाहा. त्याचे संस्थापक जयंतराव साळगावकर यांच्या पश्चात हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. डिसेंबर २०२३ मध्ये निकाल लागला की, शेअर वा फंडावर नॉमिनी म्हणून नाव असले, तरी त्याने मालकी मिळत नाही.

तेव्हा एवढे करा:

१. पासबुके, ठेवीच्या पावत्या, लॉकर, प्रॉव्हिडंट फंड यांवर कोणाचे नाव आहे, ते एका वहीत उतरवा.

२. नाव बदलायचा फॉर्म शाखेतच मिळतो. खातेदाराची सही लागते, जुन्या नॉमिनीची नाही. पोच मात्र जरूर घ्या. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवीवर चार जणांपर्यंत नावे आणि त्यांचे हिस्से लिहिता येतात.

३. कोणाला काय द्यायचे हे ठरवायचे असेल, तर मृत्युपत्र हवे. साध्या कागदावरही चालते. दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. ज्यांना त्यातून काही मिळायचे नाही, असेच साक्षीदार निवडा.

विम्याचा नियम थोडा निराळा आहे. त्याविषयी पुन्हा कधीतरी.

असला विषय काढायला जीभ रेटत नाही, हे खरे. नवऱ्याला वाटते, ही माझ्या भावावर संशय घेते. म्हणून सुरुवात स्वतःच्या पासबुकापासून करा. "माझ्या खात्यावर अजून माहेरचंच नाव आहे, ते बदलायचंय, तुमचंही एकदा पाहू या का?" असे चहाच्या वेळी सहज म्हणा. भाऊजींवरचा विश्वास तसाच राहील, आणि उद्या त्यांच्यावरही बोल यायचा नाही.